घंटी वाजते, तेव्हा कोण उठतं?

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे. वर्षभरापासून तिला भुताखेतांच्या आणि भविष्यातल्या जगाच्या गोष्टींचं वेड लागलंय. वाचते त्या त्याच, मोबाइलवर ऐकते त्याही त्याच. ह्यांचं म्हणणं, असल्या गोष्टींनी डोकं बिघडतं, त्यापेक्षा विज्ञानाचं काहीतरी वाच म्हणावं. मी आत्तापर्यंत मध्ये पडले नव्हते. पण गेल्या आठवड्यात तिचं कपाट आवरताना दोन वह्या सापडल्या आणि मी त्या वाचल्या. न विचारता वाचल्या, हे कबूल करते.

पहिल्या वहीत भुताची गोष्ट आहे. घरातली आजी वारलेली, तिची खोली बंद, आणि रोज रात्री त्या खोलीतून घंटी वाजते. घरात कुणी त्याबद्दल बोलत नाही. घंटी वाजली की बाबा टीव्हीचा आवाज वाढवतात, आई भांडी आपटायला लागते. शेवटी धाकटा भाऊ उठून त्या दाराशी जातो आणि गोष्ट तिथेच थांबते. पुढची पानं कोरी. दुसऱ्या वहीत शंभर वर्षांनंतरचं शहर आहे. समुद्र वर आलाय, खालचे सहा मजले पाण्यात, माणसं गच्च्यांवर राहतात, पिण्याचं पाणी मापानं मिळतं. एक मुलगी वहीत नंबर लिहून ठेवते, कुणाची पाळी कधी ते. चौदा वर्षांच्या मुलीच्या डोक्यात इतका काळोख कुठून येतो? मला त्या रात्री झोप लागली नाही. तिला डॉक्टरांकडे न्यावं का? पुस्तकं बंद करावीत का? की वय आहे म्हणून सोडून द्यावं?

जाता जाता सांगते, माझ्या सासूबाई गेल्या वर्षी गेल्या. शेवटचे आठ महिने अंथरुणावरच होत्या. हाक मारायचं बळ नव्हतं म्हणून आम्हीच त्यांच्या उशाशी एक घंटी ठेवली होती. पण मुलीचं आणि आजीचं फारसं सख्य नव्हतं, त्यामुळे त्याचा काही संबंध नसावा.

— काळजीत पडलेली एक आई

उत्तर :

ताई,

या सदरात इतकी वर्षं पत्रं वाचून एक गोष्ट माझ्या लक्षात आली आहे. 'जाता जाता सांगते' म्हणून जे शेवटी येतं, त्याच्यासाठीच बहुतेक वेळा सगळं पत्र लिहिलेलं असतं. तुमच्या घंटीकडे मी येणारच आहे. पण आधी तुम्ही विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं देते, म्हणजे तुमचा जीव भांड्यात पडेल.

डॉक्टर. तुमच्या पत्रात झोप उडाली आहे ती तुमची. मुलीची उडाल्याचा उल्लेख कुठेही नाही. ती नीट जेवते का, झोपते का, मैत्रिणींत मिसळते का, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींतून तिचं मन उडालंय का, स्वतःला इजा करण्याबद्दल किंवा जगण्यात राम नाही अशा अर्थाचं काही बोलते का, हे पाहा. यातलं काही दोनेक आठवडे दिसत राहिलं तर समुपदेशकाकडे किंवा डॉक्टरांकडे जरूर जा. जगण्यावरच्या किंवा स्वतःला इजा करण्यावरच्या बोलण्याला मात्र दोन आठवडे थांबू नका, त्याच दिवशी जा. पण 'मुलगी भुताची गोष्ट लिहिते' हे लक्षण घेऊन गेलात तर डॉक्टर तुम्हालाच पाणी देतील.

पुस्तकं बंद करू नका. बंद केलीत तर ती गादीखाली जातील आणि तुम्हाला कपाटाबरोबर गादीही उचलावी लागेल. शिवाय भयकथा आवडणारी माणसं मनानं कमकुवत असतात, या समजाला फारसा आधार नाही. कोविडच्या साथीच्या पहिल्या लाटेत काही संशोधकांनी लोकांची पाहणी केली. ती 2021 साली प्रसिद्ध झाली. तिच्यात भयपटांचे चाहते इतरांपेक्षा कमी मानसिक त्रास झाल्याचं सांगत होते. भयपटांमुळेच हे झालं असं त्यावरून सिद्ध होत नाही, कदाचित मुळात घट्ट माणसंच असले चित्रपट बघत असतील. पण भीतीची तालीम करून ठेवणारा माणूस खऱ्या भीतीच्या वेळी निदान गडबडत नाही, हे मला पटण्यासारखं वाटतं.

आता काळोख कुठून येतो ते.

भुताच्या गोष्टीत भुताला खरं तर फारसं महत्त्व नसतं. भूत कसं दिसतं, पाय उलटे आहेत की नाही, हा सगळा सांगणाऱ्याच्या हौसेचा भाग. बघायचं ते हे, की भूत कुणाकडे येतं आणि का येतं. तुम्हाला एक उदाहरण देते. बाळंतपणात गेलेली बाई भूत होऊन परत येते, ही कल्पना एकमेकांशी फारसा संबंध नसलेल्या लोकांमध्ये सापडते. आपण तिला हडळ म्हणतो, अळवंतीण म्हणतो. हिंदीत ती चुडैल, मलाय लोकांत पोंतियानाक, जपानी लोककथांत उबुमे. ही उबुमे तर कुणाला मारायलाही येत नाही. रक्तानं माखलेली, कडेवर बाळ घेतलेली अशी ती काळोखात वाटेवर उभी असते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला म्हणते, जरा हे बाळ धर. धरलं की ते जड होत जातं. आणखी जड. हात तुटायला येतात.

हे कुणाला सुचलं असेल? ज्या काळात घरोघरी बायका बाळंतपणात मरत होत्या, त्या काळातल्या माणसांना. त्यांना रक्ताची भीती नव्हती, रक्त रोजचंच होतं. भीती होती ती मागे राहिलेल्यांना. वेळेवर कुणाला बोलावलं नाही, दुखतंय म्हणाली तेव्हा लक्ष दिलं नाही, पोटुशी असताना कामाला जुंपलं, आणि आता ते बाळ आपल्या हातात आहे. चुडैलीच्या बऱ्याच कथांत ती आधी सासरच्यांनाच गाठते, ते काही उगाच नाही. माझ्या मते भूत म्हणजे वसुलीला आलेलं देणं. समाजाला ज्याची भीती वाटते ते भयकथेत दिसतं, असं म्हणायची पद्धत आहे आणि ते खोटं नाही. पण त्याच्याही आधी समाजाला जे ठाऊक असतं आणि बोलता येत नसतं, ते तिथे दिसतं.

तुमच्या लेकीच्या गोष्टीत कुणी कुणाचा गळा दाबत नाही. एक घंटी वाजते आणि घरातले टीव्हीचा आवाज वाढवतात. गोष्टीतलं भयानक काय आहे ते तिला नेमकं कळलंय. एवढं कळायला मोठमोठ्या लेखकांना उमेदवारी करावी लागते.

ह्यांना सांगा, विज्ञानकथा ही काही भुताच्या गोष्टीवरचा उतारा नाही, ती तिची सख्खी बहीण आहे. आणि या विज्ञानकथेची आई, इंग्रज लेखिका मेरी शेली, तिची गोष्ट लिहायला बसली तेव्हा तुमच्या लेकीपेक्षा चारच वर्षांनी मोठी होती. मेरी अकरा दिवसांची असताना तिची आई बाळंतपणातल्या आजारानं गेली, 1797 साली. सतराव्या वर्षी मेरीला स्वतःला मुलगी झाली, दिवस भरण्याआधीच, आणि दोन आठवड्यांत ती गेली. 1815 च्या मार्चमध्ये मेरीनं रोजनिशीत एक स्वप्न लिहून ठेवलंय : बाळ मेलेलं नव्हतंच, नुसतं गारठलं होतं, आम्ही त्याला शेकोटीपाशी चोळलं आणि ते जिवंत झालं. पुढे जाग आली आणि बाळ नव्हतं.

पुढच्याच महिन्यात, दूर इंडोनेशियात, तांबोरा नावाच्या ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला. त्याचा धुरळा वातावरणात इतका वर गेला की 1816 साली युरोपात उन्हाळा आलाच नाही. पिकं कुजली, पाऊस थांबेना. जिनिव्हाच्या तळ्याकाठी सुट्टीला गेलेली चार-पाच तरुण मंडळी घरात अडकून पडली. त्यांच्यातला कवी बायरन म्हणाला, प्रत्येकानं एक भुताची गोष्ट लिहायची. मेरी तेव्हा अठराची. तिनं जी लिहिली, ती 1818 साली 'फ्रँकेन्स्टाइन' म्हणून छापून आली, लेखिकेचं नाव न घालता.

त्या काळात मृत शरीराला विजेचा झटका दिला तर स्नायू हलतात, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. 1803 साली लंडनमध्ये आल्दिनी नावाच्या शास्त्रज्ञानं फाशी दिलेल्या एका माणसाच्या प्रेतावर असा प्रयोग केला, तेव्हा प्रेताचा जबडा थरथरला, एक डोळा उघडला. बघणाऱ्यांना काय वाटलं असेल? काहींना भीती. पण ज्यांच्या घरातलं कुणी नुकतंच गेलं होतं त्यांना? मेरीचं शेकोटीचं स्वप्न आणि तिच्या पुस्तकातला तो प्रयोग शेजारी शेजारी ठेवून पाहा. एकीकडे आशा आहे, एकीकडे भीती, आणि दोन्हींत माणूस तेच करतोय, मेलेल्याला उठवतोय. फरक पडतो तो नंतर. आई शेकोटीपाशी बाळाला चोळत बसते. पुस्तकातला शास्त्रज्ञ आपण केलेल्या जीवाचं तोंड पाहून पळ काढतो. तो जीव मुळात दुष्ट नसतो, त्याला कुणी जवळ घेत नाही म्हणून तो होतो. त्याला साधं नावसुद्धा कुणी ठेवत नाही. आपण सगळे त्याला बापाच्याच आडनावानं हाक मारतो ते त्यामुळेच.

(या पुस्तकाचा अर्थ 'विज्ञानानं मर्यादेत राहावं' असा सांगणारे मला नेहमी भेटतात. मला तो पटत नाही. त्या माणसाची चूक जीव निर्माण करण्यात नव्हती. जन्माला घालून त्याला खोलीत टाकून पळाला, ती चूक.)

इथून पुढे पाहिलं तर भविष्यकथांमध्येही हेच देण्याचं प्रकरण सारखं दिसतं. 1898 साली एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाचं मंगळावरून होणाऱ्या स्वारीचं पुस्तक आलं. ब्रिटिश साम्राज्य तेव्हा जगभर पसरलेलं होतं आणि त्या पुस्तकात लंडनची माणसं जीव घेऊन पळत सुटतात. वेल्सनं पहिल्याच प्रकरणात लिहून टाकलंय की मंगळवाल्यांना नावं ठेवण्याआधी आपण गोऱ्यांनी टास्मानिया बेटावरच्या मूळ लोकांचा कसा संहार केला ते आठवा. म्हणजे परग्रहावरून आलेला राक्षसही वसुलीलाच आला होता. 1920 साली कारेल चापेक या चेक लेखकानं एका नाटकात माणसासारखे कृत्रिम कामगार आणले. त्यांना काय म्हणावं हे त्याला सुचेना, तेव्हा त्याच्या चित्रकार भावानं शब्द दिला, रोबोट. चेक भाषेत 'रोबोता' म्हणजे वेठ. आज घराघरात गेलेला हा शब्द मुळात वेठबिगारीचा आहे, आणि नाटकात हे वेठबिगार शेवटी मालकांवर उलटतात. यंत्रं आपल्या नोकऱ्या खातील का, अशा गोष्टी आज पुन्हा भराभर लिहिल्या जातायत. त्यातल्या चांगल्या गोष्टींत यंत्रांपेक्षा आपण राबवून घेतलेल्या माणसांचीच भीती जास्त असते.

गॉडझिला या जपानी राक्षसपटाचं तर अगदी ताजं ताजं होतं. 1 मार्च 1954 रोजी अमेरिकेनं बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. हिरोशिमावरच्या बॉम्बच्या सुमारे हजारपट मोठी. मासेमारीला गेलेल्या एका जपानी बोटीवर पांढरी राख पडत राहिली. बोटीवर 23 जण होते, सगळे किरणोत्सर्गानं आजारी पडले आणि त्यातला एक सप्टेंबरात वारला. चित्रपट 3 नोव्हेंबरला पडद्यावर आला आणि तो सुरू होतो समुद्रातल्या एका बोटीपासून, डोळे दिपवणाऱ्या उजेडापासून. तिकीट काढून बसलेल्या माणसांना तो उजेड काय आहे हे सांगायची गरज नव्हती. रबरी पोशाखातल्या त्या प्राण्याला आज आपण हसतो. तेव्हाच्या प्रेक्षकांपैकी कित्येकांना हसू आलं नसणार.

आता थोडी कडू बाजू. तुमच्या ह्यांची शंका मी पूर्णपणे उडवून लावत नाही, कारण भुताच्या गोष्टींनी खरोखर नुकसान केलेलं आहे. 1892 साली अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात एक्सेटर नावाच्या गावी एका कुटुंबात क्षयानं एकामागून एक माणसं गेली. आई गेली, थोरली मुलगी गेली, मग एकोणीस वर्षांची मर्सी ब्राउन जानेवारीत गेली. तिचा भाऊ एडविनही खंगत चालला होता. गावातल्यांनी ठरवलं की या मेलेल्यांपैकी कुणीतरी रात्री येऊन जिवंतांचं रक्त शोषतंय. मार्चमध्ये तिघींचे मृतदेह पाहिले. आई आणि थोरली बहीण कित्येक वर्षांपूर्वी गेलेल्या, त्यांची हाडंच उरली होती. मर्सीचं शरीर मात्र जवळपास जसंच्या तसं. कडाक्याच्या थंडीत दोन महिने थंडगार खोलीत ठेवलेलं शरीर दुसरं कसं असणार? पण लोकांना पुरावा मिळाला. तिचं हृदय काढून जाळलं आणि ती राख पाण्यात कालवून आजारी भावाला पाजली. दोन महिन्यांत तोही गेला. रॉबर्ट कॉखनं क्षयाचे जंतू शोधल्याचं जाहीर केलं होतं 1882 साली, म्हणजे त्याच्या दहा वर्षं आधी.

ही गोष्ट मी सांगितली ती एवढ्यासाठी, की भीती तिथेही खरी होती. पोरं मरत होती, कारण कळत नव्हतं. पण त्या गोष्टीनं भीतीला एक पत्ता दिला, आणि तो चुकीचा होता. भयकथेचं बरंवाईट ठरवायची माझी कसोटी यातूनच आलेली आहे. गोष्टीतलं बोट कुणाकडे वळतं? गावाबाहेरच्याकडे, मेलेल्या पोरीकडे, शेजारच्या विधवेकडे, वेगळं बोलणाऱ्याकडे वळत असेल, तर ती गोष्ट मला नको. तिच्यात कितीही चांगली थंडी वाजू दे. आणि सांगणारा कोण आहे तेही बघावं. चालत्या प्रेतांची, झोंबींची कल्पना हैतीतून आली. एके काळी उसाच्या मळ्यांत गुलामांना मरेपर्यंत राबवलं जायचं असा तो कॅरिबियन मुलूख. तिथल्या झोंबीची भीती अशी की मेल्यावरही सुटका नाही, कुणीतरी उठवून पुन्हा कामाला लावेल. हीच कल्पना पुढे अमेरिकी चित्रपटांत गेली. 1968 नंतर तर झोंबी म्हणजे घराला वेढा घालून आपल्याला खायला आलेली गर्दी. प्रेत तेच. आधी त्याच्या बाजूनं गोष्ट सांगणारा माणूस होता, आता दाराआड दडलेल्याच्या बाजूनं सांगणारा आहे.

या कसोटीला तुमची लेक उत्तम उतरते. तिच्या गोष्टीत घरातल्यांचं बोट घराकडेच आहे. आजी वाईट नाही, भावाला झपाटणार नाही, ती फक्त घंटी वाजवते.

आता दुसरी वही. तिथला बुडालेला खालचा भाग पाहून तुमचं मन काळवंडलं, आणि मी मात्र पत्राच्या त्या ओळीवर खूश झाले. तुम्ही पाणी पाहिलंत, मी ती वहीतली वही पाहिली. समुद्र सहा मजले चढलाय, माणसं गच्चीवर आलीत, आणि तिथे कुणीतरी पोरगी नंबर लिहून ठेवतेय. याचा अर्थ काय होतो? रांग आहे. पाळी आहे. ज्याच्यात जोर आहे तो आधी पितो असं नाही. चौदा वर्षांच्या मुलीला जगबुडीनंतरही हिशेब ठेवणारं कुणीतरी लागतं आणि तिच्या गोष्टीतली माणसं तिचा हिशेब मानतात. मला तर यापेक्षा आशादायक चित्र आजकाल फारसं दिसत नाही. समुद्र चढतोय हे तिच्या मनातून आलेलं नाही, ते तिनं शाळेच्या पुस्तकात वाचलंय. मनातून आलंय ते नंबरांचं.

आशेच्या गोष्टींबद्दल लोकांचा गैरसमज असतो की त्या गोड असाव्या लागतात. तशा त्या क्वचितच असतात. थॉमस मोर या इंग्रज लेखकानं 1516 साली आपल्या पुस्तकातल्या आदर्श बेटाला 'युटोपिया' नाव दिलं तेही 'कुठेच नसलेली जागा' अशा अर्थाचं. मला या प्रकारातली सगळ्यात आवडती गोष्ट 1905 सालची आहे. 'सुलतानाज ड्रीम'. मद्रासहून निघणाऱ्या इंग्रजी मासिकात ती छापून आली. रोकेया सखावत हुसेन या बाईंनी लिहिलेली. स्वतः पडद्यात वाढलेली ही बाई एक असा देश रंगवते जिथे पुरुष पडद्यात आहेत आणि कारभार बायका पाहतात. उन्हाची उष्णता साठवून स्वयंपाक होतो, हवेतून वाहनं चालतात, आणि कचेरीचं काम दोन तासांत उरकतं, कारण पुरुष विड्या फुंकण्यात जो वेळ घालवत तो वाचतो. हे वाचून मी आजही हसते. पण त्या हसण्याखाली काय आहे बघा. घराच्या चार भिंतींत कोंडलेल्या बाईला काय खुपत होतं त्याची ती यादीच आहे, फक्त उलटी करून लिहिलेली. आणि बाई गोष्ट लिहून थांबल्या नाहीत. काही वर्षांत त्यांनी मुलींची शाळा काढली, 1911 मध्ये ती कलकत्त्यात सुरू झाली, आणि मुली शाळेत याव्यात म्हणून त्या घरोघर जाऊन आईबापांची मनधरणी करत राहिल्या.

तर भीतीची गोष्ट आणि आशेची गोष्ट या दोन वेगळ्या वह्यांमध्ये असतील, पण हात एकच आहे. एकीत घंटी वाजते आणि कुणी उठत नाही. दुसरीत प्रत्येकाचा नंबर लिहिलेला आहे आणि कुणी राहून जात नाही. तुम्ही दोन्ही वह्या वाचल्यात. मी एकही नाही. तरी मला वाटतं दुसरी वही हे पहिलीचंच उत्तर आहे.

आता आलो घंटीकडे.

आजीशी फारसं सख्य नव्हतं म्हणून संबंध नसेल, असं तुम्ही लिहिता. माझा अनुभव उलटा आहे. सख्य असलं की माणूस रडून मोकळा होतो. नसलं की काहीतरी अडकून राहतं. आठ महिने घरात रात्री-अपरात्री ती घंटी वाजत होती. तुमची मुलगी तेव्हा शेजारच्या खोलीत होती. कधी उठली असेल, कधी कानावर उशी घेतली असेल. तेरा वर्षांच्या पोरीला याचं काय करायचं ते कुणी शिकवलेलं नसतं. तिनं गोष्टीत टीव्हीचा आवाज वाढवणारा बाबा आणि भांडी आपटणारी आई घातली, पण स्वतःला कुठेच घातलेलं नाही, हे तुमच्या लक्षात आलं का? की तो दाराशी जाणारा धाकटा भाऊ म्हणजेच ती? तुम्हाला खरोखर धाकटा मुलगा आहे की नाही हे तुम्ही लिहिलेलं नाही.

तुम्हाला टोचावं म्हणून मी हे लिहीत नाहीये. आठ महिने अंथरुणाला खिळलेल्या माणसाची सेवा काय असते ते मला माहीत आहे. माझ्या वडिलांच्या शेवटच्या दिवसांत मी एकदा संडासात जाऊन नळ सोडून बसले होते, त्यांच्या हाका ऐकू येऊ नयेत म्हणून. दहा मिनिटं. नंतर बाहेर येऊन सगळं केलं. त्या दहा मिनिटांना आता तेवीस वर्षं झाली. टीव्हीचा आवाज वाढवला असेल तुमच्याकडे कधी, तर वाढवला असेल. पण ज्या बाईला हाक मारता येत नाही तिला बोलावता यावं म्हणून घंटी ठेवायचं तुम्हालाच सुचलं होतं ना? तेही त्याच घरात घडलंय, आणि ते तुमच्या मुलीच्या गोष्टीत आलेलं नाही. कदाचित तिला ते माहीतही नसेल.

तेव्हा काय करायचं. पहिलं म्हणजे वह्या वाचल्या हे तिला सांगा. चिडेल, दार आपटेल, दोन दिवस बोलणार नाही. तो तिचा हक्क आहे. माफी मागताना 'काळजीपोटी' वगैरे जोडू नका, नुसतं 'चुकलं' म्हणा. राग ओसरला की गोष्टीबद्दल बोला, पण गोष्ट म्हणून. 'हे आजीबद्दल आहे का?' असं एकदम विचारू नका. लिहिणारा माणूस या प्रश्नाला नाहीच म्हणतो, आणि त्याचं खोटंही नसतं. भांडी आपटणारी आई म्हणजे तुम्ही, असं धरून सफाई द्यायला तर मुळीच जाऊ नका. विचारायचंच असेल तर वाचकानं विचारावं तसं विचारा : घंटी रोज त्याच वेळेला वाजते का? खोलीला कुलूप कुणी घातलं? भावाला भीती वाटत नाही का? ती सांगत सुटेल बघा.

ह्यांना या सगळ्यात घ्या. विज्ञानाचं वाच म्हणतात ना, मग त्यांना दुसरी वही तिच्याकडून मागून घेऊ द्या आणि गच्चीवर साठवलेलं पाणी किती माणसांना किती दिवस पुरेल याचा हिशेब दोघांनी मिळून मांडू द्या. भविष्यकथेत हिशेब चुकला की वाचक पकडतात. बापलेकीला बोलायला एवढा विषय पुष्कळ झाला.

आणि कधीतरी, ती गोष्टीतून आपणहून आजीपर्यंत आली, तर घंटीची खरी हकीकत तिला सांगा. कुणाला सुचली, कुठून आणली, पहिल्या रात्री वाजली तेव्हा कोण धावलं. पुढचं सांगवलं तर तेही सांगा, की एखाद्या रात्री तुम्हीही पडून राहिला होतात. अजूनही कधी मध्यरात्री ती ऐकू आल्यासारखी वाटत असेल, तर ते तिच्यापाशी बोलायला हरकत नाही. वह्या वाचल्यात त्या रात्री झोप लागली नव्हती तुम्हाला, म्हणून म्हणते.

ती घंटी कुठे आहे सध्या? माळ्यावर असेल तर खाली काढून ठेवा, तिला बघायची असेल.

आणि पुढची कोरी पानं भरली, तरी या खेपेला ती दाखवेपर्यंत कपाट आवरू नका.